सहा घागरी गोडं पाणी

दादा गेल्याचं मला गिरणीतच कळलं. होटगीला कुणाचं तरी ऑइल इंजिन दुरुस्त करायला गेला होता, तिथंच झोपेत गेला. हातात जोंधळ्याचं सूप होतं आणि खरं सांगते, आधी रागच आला. एवढी कसली घाई होती त्याला...

मुंबईच्या बंदरात तो लाँचचं इंजिन सांभाळायचा. आठ वर्षांपूर्वी सोलापूरला आला, तेव्हा आमच्या पिठाच्या गिरणीचं इंजिन सारखं तापून बंद पडत होतं. आमच्या विहिरीचं पाणी खारट. इंजिनाच्या पोटात त्याची पांढरी पुटं चढायची. दादा म्हणाला, आम्ही काय समुद्र इंजिनात भरतो होय? आत गोडं पाणी ठेवायचं आणि तेच ते फिरवायचं. तापलं की ते लाँचच्या तळाखालच्या नळीतून जातं, बाहेरचं खारं पाणी नळीला गार करतं, आणि आतलं पाणी निवून परत इंजिनात येतं. दोन्ही पाण्यांची गाठ म्हणून पडत नाही. इथं समुद्राऐवजी विहिरीच्या पाण्याचा हौद. त्यात त्यानं तांब्याच्या नळीचं वेटोळं बुडवलं आणि आतल्या पाण्यासाठी सहा घागरी गोडं पाणी मागितलं.

झालं, गल्ली उसळली. गोड्या पाण्याचा आड एकच, आणि उन्हाळा तोंडावर. शेजारच्या विणकरांची नरसव्वा कमरेवर हात देऊन उभी राहिली. माणसांना प्यायला नाही आणि मशीनला पाजतोस? ते पीत नाही, नुसतं फिरवतं, असं म्हणून दादानं इंजिनाच्या लहान टाकीत, पाण्याच्या थोडी खाली, रेघ ओढली. होळीपासून पाडव्यापर्यंत पाणी या रेघेखाली गेलं तर मी मुंबईला परत जाईन, असं सगळ्यांदेखत बोलून बसला.

रोज सकाळी मी टाकीचं झाकण उघडून रेघ बघायला लागले. आईबाप गेल्यावर माहेर म्हणून मला तो एकटाच. अकराव्या दिवशी सकाळी झाकण उघडलं, तर पाणी रेघेला टेकायला आलेलं. मागचा पुढचा विचार न करता अंगणातल्या विहिरीची कळशी आणून ओतली... आणि घाईत जास्तच ओतली.

दादानं पाहिलं तर पाणी होळीच्या दिवशीपेक्षा वर! त्यानं बोट बुडवून चाखलं. "गंगू, पानी आटतं. वाढत न्हाय." थोडं वाफेला जाणारच, म्हणून तर त्यानं रेघ खाली ओढली होती. आता सगळंच खारट झालं, ओतून द्यावं लागलं. मान खाली घालून मी नरसव्वाला सारं सांगितलं. ती हसून हसून खाली बसली. "भावाला ठिवून घ्यायचं हुतं तर मला सांगायचं की," म्हणाली, आणि नवी पहिली घागर तिनंच आणली. इंजिन चाललं. दादा राहिला. मीच त्याला राखला, या तोऱ्यात मी आठ वर्षं काढली.

परवा त्याचा लाँचवरचा सोबती मुंबईहून भेटायला आला. त्याला हे सगळं सांगितलं, तर तो बघतच राहिला.

"परत कुठं जाणार होता, ताई? नोकरी सोडूनच तर तो तुमच्याकडं आला. बहिणीजवळ राहायचंय म्हणाला."

दुखवट्याला आलेल्या माणसांत मी पदर तोंडाला लावून हसत सुटले. लबाड! मग उठून त्याच्या खोलीत गेले. खुंटीवर त्याचा निळा सदरा होता, तेलाच्या डागांसकट. त्याची बाही हातात धरून म्हटलं, आता मात्र खरंच गेलास की रे.