दौऱ्याचा खर्च विचारणारा फ्लेक्स

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण इंदापूरच्या एसटी स्टँडसमोरचा तो फ्लेक्स मला अजून स्वच्छ आठवतो. एक मंत्री परदेशात ऊसशेतीचा अभ्यासदौरा करून परतले होते. त्यांच्या स्वागताच्या फ्लेक्सांच्या रांगेत हाही एक. मजकूर एवढाच : 'दौऱ्याला खर्च किती आला? कोणी दिला?' खाली नाव नाही.

मंत्र्यांचे तालुक्यातले एक कार्यकर्ते लगेच तक्रार घेऊन ठाण्यात हजर झाले. ते स्वतः त्या दौऱ्यावर जाऊन आले होते. "मंत्रीसाहेबांची बदनामी हाय ही. आजच्या आज माणूस शोधा."

कलम कोणतं लावायचं, हे ठाणे अंमलदाराला सुचेना, मलाही सुचेना. विनापरवाना फ्लेक्स म्हणावं, तर रांगेतल्या एकालाही परवानगी नव्हती. पण खरं सांगतो, मला उत्सुकता होती. हे विचारणारा आहे तरी कोण?

दुपारी खबर मिळाली, छपाई वालचंदनगरकडची. छपाईवाल्याला बोलावलं. घाबरलेला माणूस सहसा पोलिसाकडे बघतो. हा खुर्चीतल्या तक्रारदाराकडेच बघत होता. मी तक्रारदाराला बाहेर बसवलं.

"आता बोल."

"साहेब, ऑर्डर त्या भाईर बसलेल्यांच्याच घरची हाय. वहिनी आल्या हुत्या."

महिला अंमलदार आणि तक्रारदाराला घेऊन त्यांच्या घरी गेलो. बाईंनी काही लपवलं नाही.

"व्हय, मीच लावला. हे आल्यापास्नं इचारतीय, तुमचं तिकीट कुणी काढलं? तर म्हणत्यात, तुला काय करायचंय! गावातल्या बाया मला इचारत्यात. काय सांगू त्यांना?"

मी तक्रारदाराकडे वळलो. "मग, कुणी काढलं?"

"साहेब, मलाबी ठावं न्हाय. मी कुणाला इचारलंच न्हाय."

"मंग आता इचारा," बाई म्हणाल्या.

तक्रार त्यांनी मागे घेतली. पुढे नवराबायकोनं मिळून माहितीच्या अधिकारात अर्ज केला. उत्तर अर्धवट आलं : विमानभाडं एका सरकारी खात्यानं भरलं, बाकीची माहिती 'या कार्यालयाशी संबंधित नाही.' त्यावर त्यांनी अपील केलं.

नोकरीभर मी लोकांना विचारत आलो, नवी मोटारसायकल कुठून आली, एवढे पैसे कुणी दिले. अंगावर वर्दी होती, म्हणून ते उत्तर द्यायचे. बाईंनी तोच प्रश्न वरच्या माणसाला विचारला होता. असं विचारणं कुठल्याच कलमाखाली गुन्हा ठरत नाही. त्या दिवशी मी सगळी कलमं चाळून पाहिली होती.