नॉर्मल रिपोर्टचा सत्कार

आमच्या कवठ्याच्या पुढाऱ्याला वाढदिवसाला नुसता केक कापून समाधान होत नसे. कारेगावच्या कंपन्यांची कंत्राटं मिळून अंगावर मांस चढलं, तसा त्याला समाजसेवेचा उमाळाही फार यायला लागला. त्या वर्षी त्यानं कॅन्सर तपासणीचं शिबिर भरवलं. मांडव, लाऊडस्पीकर आणि शिरूरहून आणलेला लॅबवाला. दंडातून थोडं रक्त दिलं की पोटातला कॅन्सर कळतो, असं माइकवरून बेंबीच्या देठापासून ओरडणं चाललं होतं.

माझ्या वडिलांना, आप्पांना, कित्येक महिने शौचातून रक्त पडत होतं. मूळव्याध म्हणून ते झाडपाला खात होते. घरात मेंढरं होती तोवर रोज सकाळी लेंड्या बघून कुठलं जनावर बिघडलंय ते सांगणारा हा माणूस, स्वतःचं धोतर डॉक्टरसमोर सोडायचं म्हटलं की अंगावर यायचा. शिबिरात मात्र खुशाल गेले. तिथं नुसती बाही वर करायची होती.

रिपोर्ट नॉर्मल आला. त्या तपासणीचा आकडा चांगला आला तरी आतड्यात गाठ असू शकते, हे लॅबवाल्याला ठाऊक नव्हतं असं मी मरेपर्यंत मानणार नाही. पण वाढदिवसाचा विरस कोण करणार? उलट नॉर्मल आलेल्यांचा स्टेजवर बोलावून सत्कार केला. टॉवेल, टोपी, नारळ! आजारी नसल्याबद्दल सत्कार मी दुसरीकडं कुठं पाहिला नाही.

मी दौंडला नोकरीला होतो. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, त्या रक्तावर विसंबू नका, दुर्बिणीनं आतडं बघा, उशीर करू नका. हे सांगितल्यावर आप्पा माझ्यावरच उखडले.

"सगळ्या गावादेखत टॉवेल-टोपी घेतली. आता दुर्बीण घालून त्या माणसाला खोटं पाडू व्हय?"

"आप्पा, रक्त पडतंय तुम्हाला."

"पडू दे. रिपोर्ट चांगला हाय."

मला त्या टोपीची अजून किळस येते. आतडं बंद होऊन पोट फुगलं, तेव्हा कुठं आप्पा पुण्याला यायला तयार झाले. तोवर गाठ यकृतापर्यंत पोचली होती. आप्पा गेले.

दहाव्याला पुढारी आला. माझ्या खांद्यावर दुखवट्याचा टॉवेल टाकून त्यानं माइक धरला.

"आमच्या शिबिरात आप्पांचा रिपोर्ट एकदम नॉर्मल होता. असा ठणठणीत माणूस! त्यांच्या स्मरणार्थ औंदा पुन्हा शिबिर घेणार."

लोकांनी माना डोलावल्या. बायकांत बसलेली आई तिथूनच ओरडली, "त्यात दुर्बीण हाय का?"

"न्हाई काकू, रक्तच घ्यायचं. कुणाला काय तरास न्हाई."

त्यानं नावं द्यायला सांगितली. आप्पांचे सख्खे धाकटे भाऊ सगळ्यांच्या आधी उठले.