रस्त्यातलं गाव

मयूर विहारमधल्या आमच्या शेजारच्या ताई चिडल्या की आवाज खाली आणायच्या. गावाकडे भूकंप झाला तेव्हा दिल्लीहून मदतीचे ट्रक त्याच भरून पाठवत होत्या. पार कोसळलेल्या गावांची यादी माझ्याकडे होती. पहिला ट्रक ताडपत्र्यांचा होता. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, आपके भाई का गाँव रास्ते में है. चार उतार दूँ?"

ताईंच्या भावाचं गाव यादीत नव्हतं, पण तीन दिवस त्याची खबर नव्हती. मीच म्हणालो, "हो म्हणा ना, ताई."

"जो गाँव लिस्ट में है, वहीं उतरेगा." त्या इतक्या हळू बोलल्या, की ड्रायव्हरला वाकून ऐकावं लागलं.

ट्रक निघाला. त्यांनी गावाला फोन लावला, लागला नाही.

"दुसऱ्या ट्रकची गावं वाचा," त्या म्हणाल्या. मी वाचू लागलो, पण त्यांच्याकडे बघवेना.