बाळंतिणीचे सात दगड

“माझ्या लेकीनं पुजलेल्या आसरा उचलून न्हेल्यास व्हय गं?” कऱ्हेच्या काठावर मुक्ताबाईंची सासू कडाडली, तेव्हा त्यांच्या हातात ओलं लुगडं होतं. नवी नवरी, मधे बोलायची सोय नव्हती.

शेजारची शेवंता कमरेवर हात ठेवून म्हणाली, “नदी काय तुझ्या बापाची? माझ्या सुनंलाबी सातच दगड लागत्यात.”

“मग वाकून नवं वेच की! कंबर धरती का?”

सव्वा महिन्यानं बाळंतीण पाणी पुजायला नदीवर येते, सात दगडांना आसरा मानून कुंकू लावते. एकीनं पुजलेले दुसरीला चालत नाहीत. मुक्ताबाईंनी ते भांडण मनावर घेतलं. पुढं बारामतीच्या जुन्या पेठेत हळदकुंकवाचं दुकान टाकलं, आणि पन्नास वर्षं येईल त्या बाळंतिणीला सात नवे गोटे स्वतः वेचून दिले. गुळगुळीत, मुठीत मावणारे.

मग पेठेचं रूप पालटलं. खाली फरशी, वर दिवे, दुकानांना एकसारख्या पाट्या. नदीचा वास गेला. मुक्ताबाई नव्या बाकावर खुशीत बसायच्या. जुना काठ आठवायचा, पण तिथली घाण परत नको वाटायची. पण नदीकाठानं बांधत आणलेली दगडी भिंत त्यांच्या गोटे वेचायच्या जुन्या उतारापाशी आली, तशा त्या उठल्या. तेवढाच काठ आता उघडा उरला होता.

त्यांनी कामावरच्या अनिमेष इंजिनिअरला गाठलं. “सायब, एवढा तुकडा सोडा. दगड कुठनं आणू?”

“आजी, खडी देतो ट्रॉलीभर.”

“मशिनीनं फोडल्याली? धार लागंल पोरींना. पाण्यानं घासल्याला पायजे. तुमच्या आईनं कुठं पुजलं व्हतं पाणी?”

“फ्लॅटमधे. नळाला.”

“तरीच!”

अनिमेष हसला, पण नकाशा काही हसेना. मुक्ताबाई कुंकवाचे डबे घेऊन उतारावरच बसल्या. चार दिवस भिंत दुसऱ्या टोकानं चालली. पाचव्या दिवशी तो टेप घेऊन आला. पावसाच्या पाण्याला कुठंतरी मोकळी वाट ठेवायचीच होती, ती त्यानं तिथं आणली. वर कठड्याला छोटं फाटक बसवलं.

गेल्या माघात मुक्ताबाई गेल्या, झोपेतच. आदल्या सकाळी सांगवीची माधवी लेकरू घेऊन आली होती. मुक्ताबाई फाटकातून उतरल्या, गुडघ्यावर हात टेकून वाकल्या. एक गोटा फिरवून पाहिला. चिरलेला निघाला, पाण्यात टाकला, दुसरा घेतला. सात झाल्यावर पदरानं पुसून माधवीच्या ओंजळीत दिले.

“बाळाला टोपडं घाल आदी,” त्या म्हणाल्या. “वारं हाय.”