तिसऱ्या मजल्याचं कुलूप

हसणार नाही असं आधी कबूल करा, तरच सांगते. नाहीतर चहा प्या आणि घरी जा! कारण हा किस्सा माझ्याच थापेचा आहे. थाप मारावी हो, कोण मारत नाही? पण मारताना समोर कोण बसलंय, एवढं तरी बघावं की नाही? मी नाही बघितलं.

तर झालं असं. आमचं सरकारी सांख्यिकी कार्यालय. काम काय, तर लोकांना मोजायचं. किती घरं, घरात किती माणसं, कोण काय करतं. एक दिवस वरून फर्मान आलं. आकडे तुम्हीच काढता, तुम्हीच तपासता आणि तुम्हीच स्वतःची पाठ थोपटता, हे बास झालं. आता बाहेरच्या तज्ज्ञांची सल्लागार समिती नेमा!

नेमा म्हणजे कुणी? अर्थात मी.

दोन तज्ज्ञ चुटकीसरशी मिळाले. एक अर्थशास्त्राच्या बाई आणि एक इलेक्ट्रॉनिक सिटीतला कॉम्प्युटरवाला तरुण, ज्यानं पत्र पूर्ण वाचायच्या आधीच होकार कळवला असावा. अडलं ते तिसऱ्यापाशी. प्राध्यापक नाडगीर. या गृहस्थांनी जन्मभर एकच गोष्ट अभ्यासली, सर्वेक्षणातून कोणती घरं सुटतात आणि का सुटतात. आमच्या दोन पत्रांना त्यांनी दोन ओळींत नकार पाठवला होता.

केशवमूर्तीसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"शिंदे मॅडम, ते मराठी, तुम्ही मराठी. घरी जाऊन स्वल्प गोड बोला. ते आले तर समितीच्या सचिव तुम्ही."

"आणि नाही आले तर, सर?"

"कलबुर्गीच्या जिल्हा कार्यालयात एक जागा रिकामी आहे. तिथं अनुभवी माणूस हवाय."

आता बघा! के. आर. पुरमला घर घेऊन माझं वर्षही झालं नव्हतं. पडदे अजून शिंप्याकडेच होते. आमची चौथी की पाचवी पिढी या बेंगळुरात, आणि मी काय म्हणून पन्नाशीत बाडबिस्तरा घेऊन कलबुर्गीला जायचं? ठरवलं, नाडगीरांना आणायचंच. पाय धरायला लागले तरी चालेल.

रविवारी सकाळी हेब्बाळला पोचले. तळ्यामागच्या एका गल्लीत तीन मजली बिल्डिंग, आणि लिफ्ट नाही. दर दहा पायऱ्यांना एकदा देवाचं नाव घेत वर चढले. चढताना वाटलं, अरे, ही बिल्डिंग बघितल्यासारखी वाटतेय. वाटणारच! नोकरीच्या पहिल्या वर्षी याच गल्लीत मी घरयादीचं काम केलं होतं. मला असा आनंद झाला म्हणता! म्हटलं, ओळख निघाली, काम झालं.

नाडगीर सर अगदी सज्जन. त्यांच्या पत्नी सरोजाक्का पाणी ठेवून आत गेल्या. मी विषय काढला, तसे सर हसले.

"नको हो बाई. पहिल्या बैठकीला शाल, नारळ, फोटो. शेवटच्या बैठकीला अहवाल. मग अहवाल कपाटात. तुमच्या वरच्या लोकांनी कधी कुणाच्या दाराची कडी वाजवलीय का?"

इथं, बघा, इथं मी तोंड बंद ठेवायला हवं होतं. पण जिभेला हाड नाही ना!

"सर, मी तसली केबिनमधली बाई नाही. तुमच्या याच बिल्डिंगमध्ये मी घरोघर फिरलेय. एक दार सोडलं नाही!"

सर खुर्चीत पुढे सरकले.

"याच बिल्डिंगमध्ये? कधी?"

"अठरा वर्षं तरी झाली असतील."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "सरोजा, जरा बाहेर ये. लवकर ये!"

मला वाटलं, मासा लागला गळाला. मी आणखी दोरी सोडली.

"तिसऱ्या मजल्यावर आला होता तुम्ही?" सरांनी विचारलं.

"म्हणजे काय! इथंच, या खोलीत बसले होते. अक्कांनी कॉफी दिली होती."

"मी?" सरोजाक्का म्हणाल्या.

"तुम्हीच! आणि बशीत तांदळाच्या पिठाचे गरम, कुरकुरीत कोडुबळे. मी नको नको म्हणत होते, तुम्ही ऐकेचनात."

सरोजाक्कांनी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं छताकडे.

"बरे झाले होते का ग?" अक्कांनी फार प्रेमानं विचारलं.

"अहो, अजून चव आहे जिभेवर!"

लाज कशाशी खातात हे त्या दिवशी मला माहीत नव्हतं, एवढंच म्हणते. सरांनी वही पुढे केली. "तुमचं नाव आणि फोन नंबर लिहून द्या." मी मनात पडदेसुद्धा टांगले! ऐटीत नंबर लिहिला. सरांनी पान फाडून हातात घेतलं आणि म्हणाले, "सरी, ठीक आहे, चला. खाली तुम्हाला एक गंमत दाखवतो."

जिन्याच्या तळाशी एक खांब आहे. अख्खी बिल्डिंग पिवळी रंगवलेली, पण त्या खांबावर वहीच्या पानाएवढा चौकोन जुन्या निळ्या रंगाचा तसाच ठेवलेला. वर प्लास्टिकचा कागद चिकटवलेला. आणि त्याच्या आत काळ्या मार्करनं ओळीनं लिहिलेले आकडे, एक ते बारा.

ते आकडे मी बघताक्षणी ओळखले.

तुम्हाला सांगते ना, घरयादी करताना प्रत्येक घराच्या चौकटीवर त्याचा नंबर लिहायचा असतो. म्हणजे लिहिणारा दारापर्यंत गेला, हे कळतं. मी काय केलं होतं? भर उन्हाची वेळ, लिफ्ट नाही. तळमजल्यावरच्या बाईंना सगळ्या घरांची माहिती विचारली, बाराही नंबर खालीच खांबावर टाकले, आणि तिसऱ्या मजल्याचं त्या बाईंना काही सांगता येईना म्हणून त्या तिन्ही घरांपुढे फॉर्मवर ठोकून दिलं, 'कुलूप'. पंधरा मिनिटांत बिल्डिंग खलास! आणि मी कोपऱ्यावरच्या हॉटेलात.

सरांनी वहीचं पान खांबाशेजारी धरलं. माझ्या साताच्या पोटात आडवी रेघ असते, आणि रेघेला शेवटी एक शेपटी. शाळेपासूनची खोड. माझ्या फोन नंबरात तीन सात आहेत. खांबावरचा धरून चार झाले. चारही भाऊ शोभत होते.

"मी तीन दिवस रजा टाकून घरी बसलो होतो," सर म्हणाले. "मुलांना सर्वेक्षण शिकवण्यात माझा जन्म गेला, पण माझ्या दाराशी कधी कुणी आलं नव्हतं. शेजारच्या गल्लीत काम सुरू झालं म्हणून कळलं. सगळे कागद काढून टेबलावर ठेवले. सरोजानं खरंच कोडुबळे केले होते हो! चौथ्या दिवशी भाजीला म्हणून खाली उतरलो, तर खांबावर हे. तुमच्या कार्यालयाला फोन केला, तर ते म्हणतात, तुमच्या घराला कुलूप आहे. अहो, मी घरातूनच बोलत होतो!"

मी हसणार होते, पण ते हसत नव्हते.

"वाईट वाटलं तेव्हा," ते हळूच म्हणाले. "वाटलं, आपण मोजण्यासारखेसुद्धा नाही."

मला लाज वाटली. अगदी खरीखुरी, कानापर्यंत. मी कलबुर्गीचं तिकीट मनात काढलं, हात जोडले आणि म्हटलं, "सर, चुकले. माफ करा. येते मी."

"थांबा, समितीत येणार मी," सर म्हणाले. "मला तिथं विद्वान नको होते. माणूस तिसऱ्या मजल्यावर का चढत नाही, हे ज्याला ठाऊक आहे असं कुणीतरी हवं होतं. ते आज स्वतःच्या पायानं आलं. पण एक अट. पहिल्या बैठकीत हे सगळं तुम्ही सांगायचं. कोडुबळ्यांसकट."

आता सांगा, काय करणार? सांगितलं! केशवमूर्तीसाहेब, अर्थशास्त्राच्या बाई, कॉम्प्युटरवाला, सगळ्यांसमोर उभी राहून. अर्थशास्त्राच्या बाईंनी गंभीरपणे विचारलं, "मॅडम, न चढण्याचं नेमकं कारण?"

"पायऱ्या," मी म्हटलं.

ते इतिवृत्तात गेलं. सचिव मीच, त्यामुळे मीच लिहिलं. 'कारण: पायऱ्या.'

समितीची पहिली शिफारस एकमतानं झाली. फॉर्मवर 'कुलूप' लिहायचं असेल तर तीन वेगवेगळ्या दिवशी दारापर्यंत जायचं, त्याशिवाय लिहायचं नाही. आणि हा नियम आधी सचिवांनी स्वतः वापरून बघायचा. सुरुवात हेब्बाळच्या त्या बिल्डिंगपासून. परिपत्रकावर सही माझी!

मग काय, गेल्या मंगळवारी निघाले. गुडघ्याला पट्टा, हातात मार्कर. तळमजला केला, पहिला केला, दुसरा केला, प्रत्येक चौकटीवर नंबर टाकला, शेपटीवाल्या सातासकट. कठडा धरत, धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर पोचले. म्हटलं, आज सरांच्या चौकटीवर असा ठसठशीत नंबर टाकते की बघत राहतील. अठरा वर्षांची कसर भरून निघाली पाहिजे.

वर बघते तर दाराला हे एवढं पितळी कुलूप!

शेजारच्या बाई म्हणाल्या, सर आणि अक्का लेकीकडे म्हैसूरला गेलेत, परवा येतील. मी तिथंच पायरीवर बसले आणि साहेबांना फोन लावला.

"सर, शिंदे बोलतेय. नाडगीर सरांच्या घराला कुलूप आहे."

पलीकडे अख्खं ऑफिस खदाखदा हसलं. साहेबांनी फोन स्पीकरवर ठेवला होता!

"शिंदे मॅडम," साहेब म्हणाले, "या वेळी तरी स्वल्प नवीन काहीतरी सांगा की!"