बाबांच्या आवाजाचा वेग

कपाटात बाबांचा छोटा कॅसेट प्लेअर सापडला. आतला रबरी पट्टा विरघळून डांबरासारखा चिकट झाला होता. तो स्पिरिटनं पुसून काढला, नवा पट्टा चढवला आणि चाकं फिरली. आनंद व्हायला हवा होता. मी नुसता फिरणाऱ्या चाकांकडे बघत बसलो.

आमच्याकडे आत्याला पत्राऐवजी कॅसेट पाठवायची पद्धत होती. त्यातली एक पाठवायची राहूनच गेली होती. ती लावली. बाबा बोलू लागले, पण घाईघाईत, चिरक्या आवाजात. मोटरमागचा वेगाचा स्क्रू जरा फिरवला, तर एकदम जड, झोपेत बोलल्यासारखे. मधे कुठेतरी बाबा असणार. कुठे, ते मला कळेना.

"असाच होता का त्यांचा आवाज?" बायकोनं विचारलं. तिनं त्यांना कधी पाहिलेलं नाही; ते गेले तेव्हा मीही अगदी लहान होतो.

"असेल."

मग लक्षात आलं, त्यांच्या बोलण्यामागे घड्याळाची टिकटिक आहे. ते लंबकाचं घड्याळ अजून त्याच भिंतीवर चालू आहे. स्क्रू हळूहळू फिरवत दोन्हींची टिकटिक जुळवली. आता वेग अचूक होता, शंकाच नव्हती.

"ताई, इकडे सगळे मजेत. पोरगा माझ्या मांडीवर बसलाय. बोल म्हटलं तर लाजतोय," एक गृहस्थ सांगत होते.

मी ऐकत राहिलो. अनोळखी माणसाचं ऐकावं तसं, नीट, आदरानं.