पाहुणे येणार म्हणून

नदी नासवणाऱ्या कारखानदाराला नुसता दंड न करता तुरुंगात घालायचा कायदा येऊ घातला होता. त्याची छाननी करणारी खासदारांची समिती महाडला आली. मी इथे वकिली करतो, म्हणून नदीकाठच्या माझ्या मामाच्या गावी त्यांना न्यायचं काम माझ्याकडे आलं. मामीला मी आधीच बजावलं होतं, काठावरच्या मेलेल्या माशांना हात लावू नका.

पोचलो तर काठ लख्ख. बायकांनी सकाळीच मासे पुरून टाकले होते आणि उतारावर सडा घालून रांगोळी काढली होती. पाणीही त्या दिवशी निवळ होतं. कारखान्यांना दौऱ्याची खबर आमच्या आधी लागली होती.

जेवताना एक खासदार सांगत होते की तळणीच्या उरलेल्या तेलावर विमानं उडवायचा विषयही याच समितीपुढे आहे, आकाश स्वच्छ राहील. मग तळलेली कोळंबी खात म्हणाले, "नदी एवढी वाईट असती तर ही चव आली असती का?"

मी म्हणालो, ही हर्णै बंदरातली आहे, नदीतलं इथे कोणी खात नाही. त्यांनी हसून मामीकडे पाहिलं.

"नदीचीच हाय," मामी म्हणाली. "घ्या अजून."

गाड्या गेल्यावर मी तिच्यावर भडकलो.

"पावन्याला जेवताना खोटं पाडायचं?" ती म्हणाली. "येवढा शिकलास, पन रीत नाय शिकलास."

समिती कशेडी घाटाला लागायच्या आत नदीला पुन्हा वास सुटला. मामीनं खिडक्या लावून घेतल्या.